चित्र व्हायरल झालं, पण चित्रकार कुठे गेला? गावातली कला ऑनलाइन पोहोचवताना हे नक्की करा



मागच्या दिवाळीत मी घरी कळंबला आलो होतो. कळंब म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं, मांजरा नदीकाठचं. माझा एक चुलतभाऊ पेंटर आहे, मी त्याला दादा म्हणतो. पूर्वी तो दुकानांचे बोर्ड रंगवायचा. फ्लेक्स आल्यापासून ती कामं कमी झाली आणि तो स्वतःची चित्रं जास्त काढायला लागला. आटलेली मांजरा, सोयाबीनच्या राशीवर बसून मोबाइल बघणारं पोरगं, येरमाळ्याच्या यात्रेत चुनखडी वेचणारी माणसं, असे त्याचे विषय असतात.

त्याच दिवाळीत एका कामासाठी मी लातूरला गेलो. तिथे एका दुकानात काउंटरच्या मागे फ्रेम लावलेली होती आणि त्यात सोयाबीनच्या राशीवरचं तेच पोरगं होतं. मी फोटो काढून दादाला पाठवला. "दादा, हे तुझंच ना?"

त्याचा लगेच फोन आला. "माझंच आहे. पण मी ते विकलंच नाही रे. मूळ चित्र घरी माळ्यावर आहे."

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्याने त्या चित्राचा फोटो एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. फोटोखाली ना नाव, ना गाव. तिथून तो फॉरवर्ड होत गेला आणि कुणीतरी त्याची प्रिंट काढून विकली. दुकानदाराची काही चूक नव्हती. त्याने पैसे देऊन फ्रेम घेतली होती. चित्र कुणाचं आहे, हे त्याला सांगणारं त्यावर काहीच नव्हतं.

दादा म्हणाला, "बास झालं. आता एक पण फोटो टाकणार नाही."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, चित्रातलं मला फार कळत नाही. पण फाइल एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाताना तिचं काय होतं, हे मला नीट माहीत आहे. म्हणून मी दादाला म्हटलं, फोटो टाकणं बंद करू नकोस, फक्त टाकायची पद्धत बदल. ती पद्धत काय, तेच आज सोप्या भाषेत समजून घेऊया. तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात कुणी चित्रं काढत असेल तर हा लेख त्याच्यासाठीही आहे.

आफ्रिकेतल्या कलाकारांनी फोन कसा वापरला?

हा विषय शोधताना मी बराच वेळ आफ्रिकेतल्या आजच्या कलाकारांबद्दल वाचत बसलो. कारण त्यांची अडचण आपल्यासारखीच होती. चित्रं काढणारे भरपूर, पण मोठ्या गॅलऱ्या आणि लिलाव लंडन, न्यूयॉर्क, पॅरिसमध्ये. २०१३ मध्ये लंडनमध्ये '१-५४' नावाचा आफ्रिकी कलेचा मेळा सुरू झाला. आफ्रिकेतल्या ५४ देशांवरून ते नाव ठेवलंय. पण प्रत्येक कलाकार काही लंडनला जाऊ शकत नाही. अनेकांनी मग हातातल्या फोनवरून, घरातल्या कॉम्प्युटरवरून सुरुवात केली. ही तीन उदाहरणं बघा:

१. अमोआको बोआफो. घानामधल्या अक्रा शहरातला चित्रकार. तो चेहरे चक्क बोटांनी रंगवतो. २०१८ मध्ये केहिंदे वायली या प्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराने त्याचं काम इन्स्टाग्रामवर पाहिलं आणि आपल्या ओळखीच्या गॅलऱ्यांना कळवलं. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये त्याचं प्रदर्शन झालं.

२. लेटिशिया की. आयव्हरी कोस्टची ही तरुणी स्वतःच्या केसांपासून शिल्पं बनवते आणि त्यांचे फोटो टाकते. इन्स्टाग्रामवरून जगाला माहीत झालेली ही मुलगी २०२२ मध्ये व्हेनिस बिनालेत आपल्या देशाच्या दालनात पोहोचली.

३. ओसिनाची. नायजेरियाचा हा कलाकार मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये चित्रं काढतो. हो, आपण ज्यात बायोडेटा टाइप करतो त्याच वर्डमध्ये! ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची कामं लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात होती.

या तिघांमध्ये समान काय आहे? चित्र चांगलं होतं, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही: चित्रासोबत नाव होतं. वायलीने बोआफोचं चित्र नावगाव नसलेल्या फॉरवर्डमध्ये पाहिलं असतं, तर त्याने गॅलरीला काय कळवलं असतं? "कुणीतरी छान काढतो" एवढंच.

आपल्याकडचं उदाहरण: वारली

नाव मागे राहिलं की काय होतं, हे बघायला लांब जायची गरज नाही. वारली चित्रकला आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कुर्त्यावर, कपावर, मोबाइल कव्हरवर, शाळेच्या भिंतीवर. आता एक छोटा प्रश्न: एका वारली चित्रकाराचं नाव सांगा.

आठवलं नाही ना? मलाही पूर्वी आठवलं नसतं.

जिव्या सोमा म्हसे (१९३४ ते २०१८) हे त्यांतलं सगळ्यात मोठं नाव. ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे. वारली चित्रं आधी झोपडीच्या भिंतीवर, लग्नासारख्या प्रसंगी बायका काढायच्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी त्या भागात गेले, त्यांनी कागद दिले, आणि म्हसे रोज चित्रं काढायला लागले. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकारासोबत त्यांचं प्रदर्शन झालं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे शैलीही जगभर गेली आणि एक चित्रकारही जगभर गेला. पण बाकीच्या शेकडो वारली चित्रकारांचं काय? त्यांच्या आकृत्या इंटरनेटवरून उचलल्या जातात, 'ट्रायबल डिझाइन' म्हणून छापल्या जातात, आणि काढणाऱ्यापर्यंत ना नाव पोहोचतं ना पैसा. आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नांतून वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण जीआय त्या समाजाच्या कलेचं नाव जपतं. तुम्ही काढलेल्या एका चित्राखाली तुमचं नाव आहे की नाही, हे तुम्हालाच बघावं लागतं.

फोटो अपलोड केल्यावर आत नेमकं काय होतं?

तुमच्या फोनमधल्या फोटोच्या फाइलमध्ये दोन गोष्टी असतात. एक म्हणजे पिक्सेल, म्हणजे दिसणारं चित्र. दुसरी म्हणजे मेटाडेटा, म्हणजे न दिसणारी माहिती: तारीख, कॅमेरा, कधी कधी लोकेशन, आणि भरलं असेल तर चित्रकाराचं नाव.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की फाइल लहान होते आणि हा मेटाडेटा निघून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. इन्स्टाग्रामही फोटो साधारण १०८० पिक्सेल रुंदीचा करून दाखवतं आणि मेटाडेटा काढून टाकतं. आणि कुणी स्क्रीनशॉट काढला, तर तुमच्या कॅप्शनचाही संबंध संपला. उरतं फक्त चित्र.

याचा अर्थ काय, तर जे नाव चित्राच्या पिक्सेलमध्येच आहे, तेच शेवटपर्यंत टिकतं. म्हणून चित्रावरची सही ही सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात भरवशाची 'टेक्नॉलॉजी' आहे.

आता सर्च कसं चालतं ते बघू. गुगल चित्र 'बघायला' शिकलं असलं तरी कुणाला काय दाखवायचं हे ठरवताना ते फोटोच्या आजूबाजूचे शब्दही वाचतं: पानाचं शीर्षक, कॅप्शन, फाइलचं नाव, ऑल्ट टेक्स्ट. (ऑल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोचं शब्दांत वर्णन. दृष्टिहीन लोकांचा स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो.) दादाच्या फाइलचं नाव होतं 'आयएमजी' आणि पुढे आठ आकडे. कॅप्शन होतं 'माझे नवीन पेंटिंग' आणि दोन हात जोडलेले इमोजी. सांगा, पुण्यातल्या एखाद्याला मराठवाड्यातल्या शेतीवरचं चित्र हवं असेल, तर त्याला हे कसं सापडणार?

मग करायचं काय? सात सोप्या पायऱ्या

१) फोटो नीट काढा. भर उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली नको. सकाळी अंगणात, सावलीत, चित्र भिंतीला टेकवून उभं करा. फोन चित्राच्या बरोबर समोर धरा, तिरका नको. फ्लॅश बंद. फिल्टर अजिबात नको, कारण घेणाऱ्याच्या घरी जाणारा रंग तोच असला पाहिजे.

२) दोन फाइल ठेवा, मोठी आणि छोटी. मूळ मोठी फाइल स्वतःकडे ड्राइव्हवर ठेवा, ग्रुपवर टाकू नका. अपलोडसाठी १०८० पिक्सेलची छोटी प्रत करा. का? चांगल्या छपाईला साधारण एका इंचाला ३०० पिक्सेल लागतात. १०८० पिक्सेलमधून जेमतेम साडेतीन इंचांची स्वच्छ प्रिंट निघते. तेच ४००० पिक्सेलची फाइल दिली, तर १३ इंचांची फ्रेम तयार! आता एआयने फोटो मोठा करता येतो, त्यामुळे हे काही पक्कं कुलूप नाही. पण दार सताड उघडं ठेवण्यापेक्षा कडी लावलेली बरी.

३) सही अशी करा की ती कापता येणार नाही. अगदी कोपऱ्यात केलेली सही क्रॉप करणं एका सेकंदाचं काम आहे. ती थोडी आत, चित्राचाच भाग वाटेल अशी करा. फोटोच्या मधोमध मोठा वॉटरमार्क टाकू नका. चित्र खराब दिसतं, आणि फोनमधल्या अ‍ॅपने तो पुसताही येतो.

४) कॅप्शनचा साचा ठरवून घ्या. दर वेळी एकाच क्रमाने हे लिहा:
- चित्रकाराचं पूर्ण नाव
- चित्राचं नाव आणि वर्ष
- माध्यम (उदा. कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक)
- आकार इंचांत
- गाव, तालुका, जिल्हा
- विक्रीला आहे की नाही, आणि संपर्क कसा करायचा
- चित्रामागची गोष्ट, दोन-तीन ओळींत

शेवटचा मुद्दा सोडू नका. "चुनखडी का वेचतात?" हे कळंबच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण नागपूरच्या किंवा नैरोबीच्या माणसाला सांगावं लागतं. बाहेरच्या माणसाला तीच गोष्ट चित्रापाशी थांबवते.

५) गावाचं नाव पूर्ण लिहा. ही चूक मी स्वतः केली होती. नुसतं 'कळंब' टॅग केलं. आता धाराशिवमध्ये कळंब तालुका आहे, यवतमाळमध्येही आहे, आणि नालासोपाऱ्याजवळ कळंबचा समुद्रकिनारा आहे. आमच्या आटलेल्या मांजरेचं चित्र समुद्रकिनाऱ्यावरच्या सेल्फींमध्ये जाऊन बसलं! शिवाय २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या सवयीने शोधणारे अजून 'उस्मानाबाद' टाइप करतात. म्हणून दोन्ही नावं लिहा, आणि मराठीसोबत इंग्रजीतही लिहा.

६) फाइलचं नाव, ऑल्ट टेक्स्ट आणि मेटाडेटा भरा. फाइलला चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव आणि वर्ष द्या. इन्स्टाग्रामवर पोस्ट करताना सेटिंगमध्ये ऑल्ट टेक्स्टचा पर्याय असतो, तिथे चित्रात काय दिसतं ते साध्या वाक्यात लिहा. कॉम्प्युटर असेल तर फाइलच्या मेटाडेटामध्ये 'क्रिएटर' आणि 'कॉपीराइट' हे रकाने भरा. इन्स्टाग्राम ते काढून टाकेल, पण स्वतःच्या वेबसाइटवर टाकलेल्या फोटोमधली ही माहिती गुगल इमेजेस वाचू शकतं.

७) स्वतःचं एक पान ठेवा. इन्स्टाग्राम हा बाजार आहे, घर नाही. उद्या अकाउंट हॅक झालं, बंद पडलं, तर सगळं गेलं. गुगल साइट्ससारख्या मोफत सेवेवर एक साधं पान करा. वर नाव, खाली चित्रं, शेवटी संपर्क. इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये त्याची लिंक द्या. एका दुपारचं काम आहे.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

बऱ्याच जणांना वाटतं, 'रजिस्टर केलं नाही म्हणजे हक्क नाही'. हे चूक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्र काढल्याबरोबर त्याचा कॉपीराइट तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, पुरावा म्हणून उपयोगी पडते. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. घेणारा ते भिंतीवर लावू शकतो, त्याच्या प्रिंट काढून विकू शकत नाही. कॉपीराइट द्यायचा असेल तर तसं लेखी आणि सहीनिशी द्यावं लागतं.

- पण ऑर्डरचं काम वेगळं. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं, आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर कायद्याने पहिला कॉपीराइट त्या ग्राहकाचा असतो. म्हणून ऑर्डर घेतानाच एक ओळ लिहून घ्या: 'कॉपीराइट चित्रकाराकडे राहील.'

- कॉपीराइट दुसऱ्याला दिला असला, तरी 'हे चित्र मी काढलं' असं सांगायचा हक्क तुमचाच राहतो. तो कलम ५७ मध्ये आहे.

पैसा शेवटी कुणाकडे जातो?

इथे पुन्हा बोआफोकडे येऊ. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचं 'द लेमन बेदिंग सूट' हे चित्र लंडनच्या लिलावात आलं. अंदाज होता ३० ते ५० हजार पौंड. गेलं ६ लाख ७५ हजार पौंडांना! बातमी जगभर झाली. पण लिलावातली रक्कम चित्र विकायला काढणाऱ्याची असते. चित्रकाराने ते कधीच कमी किमतीत विकलेलं असतं. म्हणजे नाव झालं, तरी पैसा आपोआप मागे येत नाही.

आपल्या कायद्यात यावर एक छोटी तरतूद आहे, कलम ५३अ. मूळ चित्र पुन्हा १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला विकलं गेलं, तर त्यात चित्रकाराला वाटा मागता येतो. तो जास्तीत जास्त १० टक्के असू शकतो. पण त्यासाठी पुनर्विक्री झाली हे कळायला तर पाहिजे! म्हणून विकलेल्या प्रत्येक चित्राची नोंद ठेवा: कुणाला, कधी, किती रुपयांना. साधी एक्सेल शीट चालेल, वहीसुद्धा चालेल.

चित्र चोरीला गेलं तर?

१. महिन्यातून एकदा आपली मुख्य चित्रं गुगल लेन्समध्ये टाकून बघा. दुसरीकडे कुठे दिसतात ते कळतं.
२. सापडलं तर आधी पुरावा: तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आणि लिंक. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते पान सेव्ह करा, म्हणजे नंतर डिलीट केलं तरी नोंद राहते.
३. मग शांतपणे मेसेज करा. कित्येकांना खरंच माहीत नसतं. "हे माझं चित्र आहे, नाव द्या किंवा काढा" एवढं पुरतं.
४. ऐकलं नाही तर त्या प्लॅटफॉर्मचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आणि मोठ्या शॉपिंग साइट्सवर तो असतो. तुमची जुनी पोस्ट, मूळ मोठी फाइल आणि चित्र काढतानाचे फोटो हेच तुमचे पुरावे.

म्हणून अर्धवट चित्राचेही फोटो काढून ठेवा. चोराकडे पूर्ण झालेलं चित्र असतं, अर्धं झालेलं कधीच नसतं.

दादाचं पुढे काय झालं?

लातूरच्या त्या फ्रेमचे पैसे मिळाले नाहीत. प्रिंट कुणी काढली हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ग्रुपवरच्या फोटोला नावच नव्हतं, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? पण आम्ही दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस बसून ३१ चित्रांचे नीट फोटो काढले. प्रत्येकाखाली तोच साचा. दादा सांगत गेला, मी टाइप करत गेलो. एका चित्राशी तो अडला. "याची गोष्ट काय लिहू? आपल्याच शेतातली बाभळ आहे ती." मी म्हटलं, हेच लिही.

लाइक पूर्वीपेक्षा फार वाढले नाहीत, हे खरं सांगतो. पण फरक वेगळा पडला. उन्हाळ्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांचं माहेर वाशीचं. नवी मुंबईतली वाशी नव्हे, आपल्या जिल्ह्यातली. त्यांनी 'उस्मानाबाद' आणि 'मांजरा' टाकून शोधलं होतं. त्यांनी आटलेल्या नदीचं चित्र घेतलं. घासाघीस केली नाही, फक्त एक विचारलं: "सही आहे ना हो त्यावर?"

दादा आता नवीन चित्राचा फोटो टाकायच्या आधी मला पाठवतो. नाव, वर्ष, आकार, गाव, सगळं भरलेलं असतं. मला फक्त शुद्धलेखन बघायचं काम उरलंय.

तुमच्या ओळखीत असा कुणी कलाकार असेल, तर त्याला हा लेख नुसता फॉरवर्ड करून थांबू नका. एक रविवार त्याच्याकडे जा, आणि पहिल्या दहा चित्रांखाली त्याचं नाव तुम्ही टाइप करून द्या.